वाटेंत बंद पडलेली मोटारसायकल : तात्पुरती दुरुस्ती कोठवर करावी ?

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं जशी बैलजोडी असे, तशी हल्लीं मोटारसायकल असते. दुधाच्या किटल्या, खताचें पोतें, फवारणीचा पंप, शाळेंत जाणारें मूल, दवाखान्यांत न्यावयाचें आजारी माणूस, या सर्वांची ने-आण तिच्यावरच होते. परंतु बैलानें वैरणीस तोंड लाविलें नाहीं तर त्याचें कारण ज्यास पाहतांक्षणीं उमगे, त्याच गृहस्थाची मोटारसायकल भर माळावर बंद पडली म्हणजे तो किकवर पाय मारीत घामाघूम होतो, आणि अखेर वाटसरूस विचारतो, "अहो, तुम्हांस यांतलें कांहीं कळतें का ?" वाटसरूसहि बहुधा थोडेंच कळत असतें; परंतु तो नाहीं म्हणत नाहीं. मग तार, दोरी, चिंधी, चपलेचा पट्टा, जें हाताशीं असेल त्यानें कांहीं तरी बांधलें जातें, गाडी चालूं होते, व दोघेहि एकमेकांस राम राम करून मार्गस्थ होतात.

अशा बांधाबांधीची मी थट्टा करीत नाहीं. मिस्त्रीचें दुकान जेथून पंधरा-वीस किलोमीटर लांब आहे तेथें ती करावीच लागते, आणि आपल्या लोकांची त्या कामांतील कल्पकता वाखाणण्यासारखी असते. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, या बांधाबांधीस एक हद्द आहे व ती हद्द डोळ्यांपुढें असावी. मोटारसायकलच्या भागांचे दोन वर्ग मनांत करावे. एक, गाडी चालविणारे भाग : पेट्रोल, ठिणगी, क्लच, गिअर. दुसरा, गाडी थांबविणारे व सरळ धरून ठेवणारे भाग : ब्रेक, हँडल, चाकांचे आंस, पुढचा टायर. पहिल्या वर्गांतील ठिगळ सुटलें तर गाडी उभी राहते, म्हणजे आपण जेथें अडलों होतों तेथेंच पुन्हां अडतों. दुसऱ्या वर्गांतील ठिगळ सुटलें तर गाडी उभी राहत नाहीं, आणि सारा अनर्थ तेवढ्यानें होतो.

हा भेद मला पुस्तकांतून कळलेला नाहीं. इ.स. २०१४ च्या आषाढांत मी व माझा पुतण्या पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईस उतरत होतों. गाडी त्याची, मागें मी, व आम्हां दोघांच्या मध्यें वीस किलोचें पोतें. पांचगणी सोडतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, पायाचा ब्रेक दाबला तर तो पोकळ जातो. खालीं वाकून पाहिलें तों ब्रेकच्या दांड्याच्या टोंकाचा नट कोठें तरी पडून गेला होता. वाचकांपैकीं ज्यांनीं हा भाग कधीं निरखला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पायाच्या ब्रेकपासून एक लांब लोखंडी दांडा मागील चाकापर्यंत जातो व तेथें एका लहानशा भुजेच्या भोंकांतून पार होतो. पलीकडे त्याच्या आट्यांवर एक नट बसविलेला असतो. ब्रेक दाबला म्हणजे दांडा पुढें ओढला जातो, नट भुजेस ओढतो, भुजा चाकाच्या आंतील कॅम फिरविते, आणि ब्रेकचे शूज फांकून ड्रमवर घासतात. सर्व ओढ त्या एका नटावर येते. गाडी, दोन माणसें व पोतें यांस घाटांत आवरणारी वस्तु ती तेवढीच.

कुंपणाच्या तारेचा एक तुकडा सांपडला. आट्यांभोंवतीं सात-आठ वेढे देऊन तो आम्हीं पकडीनें पिळून घट्ट केला. ब्रेक दाबून पाहिला, लागला. पुतण्या म्हणाला, "काका, गांवांत परत जाऊन मिस्त्री बघूं या का ?" मीच म्हणालों, "अरे, आतां उतारच आहे. वाईस गेल्यावर बघूं." हें माझें वाक्य मला आजहि जसेंच्या तसें आठवतें. त्यानंतर ब्रेक अनेक वेळां लागला, व प्रत्येक वेळीं तारेचे वेढे आट्यांवरून केसभर सरकत असले पाहिजेत. तें आम्हांस दिसण्याचें कारण नव्हतें. त्यांतून पेट्रोल वांचावें म्हणून गाडी न्यूट्रलमध्यें सोडलेली. एका वळणावर तार दांड्यावरून निसटली. पुढचा ब्रेक जोरानें दाबतांच ओल्या रस्त्यावर पुढचें चाक घसरूं लागलें. पुतण्यानें तो सोडला व दरीच्या बाजूस न जातां डोंगराकडच्या गटारांत गाडी घातली. ही अक्कल त्याची, माझी नव्हे. त्याचें मनगट दोन ठिकाणीं मोडलें, आणि ऐन भातलावणींत तो गळ्यांत हात बांधून बांधावर बसून राहिला. मला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. नट आणण्यास परत जावयाचें तें अंतर दोन किलोमीटरहि नव्हतें.

येथें न्यूट्रलविषयीं दोन शब्द लिहितों, कारण ही संवय गांवोगांव आहे. गाडी गिअरमध्यें असून मूठ सोडलेली असली म्हणजे चाक इंजिनास फिरवीत असतें, आणि इंजिन त्यास विरोध करीत असतें. हाच विरोध उतारावर ब्रेकचें अर्धें काम करतो. जितका गिअर खालचा तितका हा विरोध अधिक. न्यूट्रल केलें कीं तो विरोध गेला. सर्व भार ब्रेकच्या शूजवर पडतो, ते तापतात, व तापलेला ब्रेक कमी धरतो. पेट्रोलची बचत म्हणाल तर इ.स. २०२० पासून ज्या इंजेक्शनच्या गाड्या येतात, त्यांत मूठ सोडून गिअरमध्यें उतरतांना इंजिनास पेट्रोल देणेंच बहुधा बंद होतें. न्यूट्रलमध्यें मात्र तें इंजिन जिवंत ठेवण्यापुरतें जळत राहतें. तेव्हां नव्या गाडीवर ही काटकसर उलट तोट्याची आहे. मागचा ब्रेक गेला, व उतार टाळतां येत नाहीं, आणि माणूस एकटा आहे, अशा प्रसंगीं पहिल्या गिअरमध्यें, पायीं चालण्याच्या वेगानें, दोन्हीं पाय जमिनीच्या जवळ ठेवून खालीं यावें; दुसऱ्यानें उतरून चालत यावें. पुढचा ब्रेक गेला असतांहि हेंच. दोन्हीं गेले असतां गाडी तेथेंच ठेवावी. ब्रेकला तार, दोरी किंवा सुतळी कांहींहि बांधूं नये. एका रुपयाच्या नाण्याएवढी जागा ज्या पिशवींत आहे, तींत तो नट मावतो.

आतां जेथें युक्तीस वाव आहे त्या भागांकडे वळूं.

इंजिन बंद पडलें म्हणजे तें कसें बंद पडलें हें प्रथम आठवावें. आचके देत, जोर कमी होत होत थांबलें असेल तर बहुधा पेट्रोल पोंचत नाहीं. दिवा मालवावा तसें एकदम थांबलें असेल तर बहुधा ठिणगी गेली. जड होत, तापल्याचा वास येत थांबलें असेल तर किक मारूंच नये, तेल पाहावें. या तिसऱ्या प्रकारांत इंजिन पूर्ण थंड होण्यापूर्वीं किक मारणें म्हणजे सिलिंडर खरवडून काढणें आहे. तेलाची पट्टी कोरडी निघाली व दुकान जवळ नसलें तर ट्रॅक्टरच्या इंजिनांत घालावयाचें तेल योग्य खुणेपर्यंत घालून घरापर्यंत यावें. तें क्लचास सर्वस्वीं मानवेलच असें नाहीं, म्हणून मागाहून काढून टाकावें. परंतु तेल नसण्यापेक्षां तें शतपट बरें.

पेट्रोलचा संशय आला तर टांकीचें झांकण उघडून कान द्यावा. "फुस्स" असा आवाज होऊन गाडी पुन्हां सुरू झाली तर झांकणाचें हवेचें भोंक बुजलें आहे. पेट्रोल खालीं उतरावयाचें तर तितकीच हवा टांकींत शिरली पाहिजे. पावसाळ्यांत झांकणावर प्लास्टिकची पिशवी रबरानें आंवळून बांधण्याची जी चाल आहे, तिनें हें भोंक हमखास बुजतें, व पाऊण तास चाललेली गाडी विनाकारण थांबते. माझ्या पाहण्यांत अशा तीन गाड्या आहेत, व तिघांनींहि आधीं प्लग बदलला होता.

टांकींत पाणी गेल्यास प्रकार वेगळा. आपल्या उंसापासून व धान्यापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें मिसळतात, आणि इ.स. २०२५ मध्यें देशांत हें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. उंस लावणाऱ्यास ही गोष्ट सुखाचीच आहे; परंतु इथेनॉलास पाण्याची ओढ फार. थोडें पाणी तें पोटांत सामावून घेतें व जळूनहि जातें. पाणी जास्त झालें म्हणजे मात्र पाणी व इथेनॉल एकजीव होऊन तळाशीं बसतात, वर पेट्रोल राहतें, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळांतूनच निघते. जुन्या, कार्बुरेटरच्या गाडींत यास उपाय आहे. कार्बुरेटरच्या वाटीखालीं एक लहान स्क्रू असतो. इंजिन निवल्यावर तो सैल करून वाटींतील द्रव पारदर्शक बाटलींत घ्यावा. बाटलींत दोन थर दिसले तर खालचा थर संपेपर्यंत सोडून द्यावा व स्क्रू आंवळावा. इंजेक्शनच्या गाडींत पेट्रोलचा पंप टांकीच्या आंत असतो व नळींत दाब असतो. तेथें वाटेंत कांहीं उघडूं नये.

ठिणगी पाहण्याची रीत अशी. प्लगची टोपी काढून, इंजिन निवल्यावर प्लग पान्यानें सोडवावा. गरम इंजिनांतून प्लग काढण्याची घाई केल्यास ॲल्युमिनियमच्या डोक्यांतील आटे प्लगबरोबर बाहेर येतात, व दहा मिनिटांच्या उतावीळपणाचा दंड शेंकडों रुपये होतो. काढलेला प्लग टोपींत घालून त्याचें लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूस नीट टेकवावें आणि किक मारावी. प्लगच्या भोंकापासून हें दूर करावें. त्यांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लग धातूस न टेकवितां लोंबता ठेवून किक मारूं नये, त्यानें इग्निशनचे विजेचे भाग बिघडूं शकतात. निळसर, करकरीत ठिणगी पडली तर दोष दुसरीकडे आहे. ठिणगी नसली, व प्लग पेट्रोलनें भिजलेला असला, तर तो पुसून वाळवावा, पेट्रोलचा कॉक बंद करून मूठ पूर्ण उघडून चार-सहा किका माराव्या, मग प्लग बसवावा. प्लग काजळीनें काळा झाला असला तर तारेच्या ब्रशानें किंवा ब्रश नसल्यास काडेपेटीच्या खरखरीत बाजूनें त्याचें टोंक साफ करावें. दोन टोंकांतील फट लहान गाड्यांस सामान्यतः ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. राजदूत, येझदी यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलहि जळत असल्यामुळें त्या फटींत काजळीचा केस अडकून ठिणगी मरत असे. इ.स. १९८५ त हिरो होंडाची सी.डी. १०० आली व फोर-स्ट्रोक गाड्यांचा प्रसार होत गेला तशी ही तक्रार पुष्कळ कमी झाली. तरी ज्यांच्या घरीं जुनें यंत्र अजून चालतें त्यांनीं एक जादा प्लग जवळ ठेवावाच.

हें सर्व करण्यापूर्वीं मात्र इंजिन बंद करण्याचा लाल खटका असल्यास तो पाहावा. कांहीं नव्या गाड्यांत बाजूचा स्टँड खालीं असतां इंजिन चालूं होत नाहीं, तेंहि पाहावें. वीस मिनिटें किक मारून दमलेल्या एका गृहस्थाचा खटका मागें बसलेल्या त्याच्या नातवानें दाबून ठेविला होता, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

बॅटरी मेल्यास ढकलून गाडी सुरू करण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे : दुसरा गिअर, क्लच दाबून धांव, मग क्लच सोडणें. पहिल्या गिअरमध्यें चाक फरफटतें, म्हणून दुसरा. परंतु इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी अगदींच मेली असली तर पंपास वीज मिळत नाहीं आणि कितीहि ढकललें तरी बहुधा व्यर्थ. अशा वेळीं दुसऱ्या मोटारसायकलच्या किंवा बंद ठेविलेल्या ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून दोन जाड तारा आणाव्या; लाल टोंक लालास, व काळें टोंक गाडीच्या उघड्या धातूस. उलट जोडणी झाली तर एका क्षणांत महागडा भाग जळतो, म्हणून जोडण्यापूर्वीं दोघांनीं पाहावें.

सर्वांत अधिक वेळां तुटते ती क्लचची तार. ती सहसा मधें तुटत नाहीं. हँडलाजवळ, जेथें तिच्या टोंकास शिशासारखा गोळा असतो, तेथें एकेक धागा तुटत येतो. क्लच जड लागूं लागला किंवा मुठीजवळ तारेचे सुटे केस टोंचूं लागले म्हणजे तिचे दिवस भरले असें समजावें. यास एक फार सोपा उपाय प्रत्येक शेतकऱ्याच्या मोटारपंपाच्या पेटींत पडलेला असतो. विजेच्या तारा जोडण्यासाठीं प्लास्टिकच्या पट्टींतील जे कनेक्टर मिळतात, त्यांच्या आंत पितळेची लहान नळी व तिच्यावर दोन स्क्रू असतात. प्लास्टिक कापून ती नळी काढून घ्यावी. तुटलेल्या तारेचें टोंक तींतून ओवावें, दोन्हीं स्क्रू घट्ट आंवळावे, उरलेलें टोंक वळवून ठेवावें, व ती नळी लिव्हरच्या खांचेंत गोळ्याच्या जागीं बसवावी. तार थोडी आंखूड होते, म्हणून खालचा समायोजनाचा नट तेवढा सैल करावा. हें ठिगळ सुटलें तर फार तर क्लच जाईल.

आणि क्लच नसतांहि घर गांठतां येतें. गाडी ढकलून थोडा वेग आल्यावर पहिल्या गिअरमध्यें घालावी. वरचा गिअर घेतांना मूठ क्षणभर सोडून त्याच वेळीं पाय दाबावा. इंजिनावरचा ताण उतरतो त्या क्षणीं गिअर सुरळीत पडतो. थांबावयाचें ठिकाण लांबूनच हेरून आधीं न्यूट्रल करावें. बाजारांतून किंवा रेल्वेच्या फाटकावरून असा प्रवास करूं नये. फिरून बाहेरच्या रस्त्यानें जावें.

हीच पितळी नळी ॲक्सिलरेटरच्या तारेस लावावी का ? येथें माझें मत सावध आहे. ॲक्सिलरेटर हा चालविणारा भाग खरा; परंतु त्याची तार तुटून मोकळी झाली तर इंजिन मंद होतें, आणि ठिगळ आंत अडकून बसलें तर इंजिन मंद होत नाहीं. म्हणजे हा भाग दोन्हीं वर्गांत मोडतो. ठिगळ लाविल्यावर हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून, मूठ सोडतांच ती आपोआप टणकन् परत येते कीं नाहीं हें दहा वेळां पाहावें. एकदां जरी ती रेंगाळली तरी तें ठिगळ काढावें. त्यापेक्षां कार्बुरेटरवरील मंदगतीचा स्क्रू थोडा आंत फिरवून, मुठीस हात न लावितां, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालीच्या वेगानें जाणें अधिक सुरक्षित.

साखळी हीहि अशीच दुतोंडी वस्तु आहे. ती गाडी चालविते म्हणून तारेनें जोडण्याचा मोह होतो. परंतु तारेची गांठ पुढील दातेरी चाकावर चढली कीं साखळी गुंडाळली जाते, मागचें चाक एकाएकीं जखडतें, आणि इंजिनाचें कवचहि फुटूं शकतें. तेव्हां साखळीस तार नाहीं. तिचें सुटें कुलूप जवळ बाळगावें. कुलपाची जी माशाच्या आकाराची पट्टी असते, तिचें बंद तोंड साखळी धांवते त्या दिशेस व फटीचें तोंड मागें असलें पाहिजे. उलट बसविली तर ती कशासहि घासून निघून जाते. उतरलेली साखळी चढवितांना इंजिन बंद करून चाक हातानें फिरवावें. इंजिन चालूं ठेवून हें काम करणाऱ्यांचीं बोटें गेलेलीं आहेत. साखळीचा झोल मधोमध दोन ते तीन सेंटिमीटर असावा. तो काढण्यासाठीं मागील आंसाचा नट सैल करावा लागतो, दोन्हीं बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या लागतात, व शेवटीं तो नट पुरा आंवळावा लागतो. आणि आंस हा दुसऱ्या वर्गांतला भाग. हातांत योग्य मापाचा लांब पाना नसला तर त्यास वाटेंत हात लावूं नये.

पंक्चरविषयीं शेतकऱ्यास सांगावयास नको असें वाटेल, परंतु आपले कांटे वेगळे आहेत. सडकेवर खिळा असतो; आपल्या वाटेवर बाभळीचा कांटा, तुरीचे खुंट व पऱ्हाटी कापल्यावर राहिलेलीं तिरपीं टोंकें. बाभळीचा कांटा टायरांत मोडून आंत राहतो व नवीन ट्यूब दहा पावलांत पुन्हां फुटते. म्हणून ट्यूब जोडल्यावर टायरच्या आंतून चिंधी फिरवावी. कांटा असेल तेथें ती अडकते. बोट फिरवूं नये. कांटा बाहेरून दिसत असल्यास चाक काढण्याचीहि गरज नाहीं : त्या जागेपुरती टायरची कड पट्टीनें बाहेर काढून ट्यूबचा तेवढाच भाग ओढावा, घासून खरखरीत करावा, सोल्युशन लावावें, आणि बोटास चिकटेनासें होईपर्यंत थांबावें. ओल्या सोल्युशनवर लाविलेला पॅच टिकत नाहीं. हीं पांच मिनिटें कोणीहि थांबत नाहीं. ट्यूबलेस टायर असल्यास खिळा दिसतांच उपटूं नये. भरावयाची रबरी दोरी व हवेचा पंप हातीं येईपर्यंत खिळाच बुचाचें काम करतो.

ट्यूब पार फाटली तर मागील टायरांत गवत किंवा उंसाचें पाचट कोंबून, ओलें करून, ठांसून भरून जवळचा गांव गांठण्याची जुनी युक्ति आहे. ती चालते, परंतु एकट्यानें, चालण्याच्या वेगानें, व मागील चाकापुरती. पुढच्या चाकांत असें कांहीं भरून बसूं नये. तें चाक वळण ठरवितें. हवेचा दाब किती असावा हें गाडीवरील पट्टीवर लिहिलेलें असतें. माझ्या गाडीस पुढें २५ पौंड, मागें एकट्यास २८ व दोघांस ४० पौंड आहे. तिघे व वर पोतें यासाठीं कोणत्याहि कारखान्यानें आंकडा छापलेला मीं पाहिला नाहीं.

फ्यूज जळल्यास सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून घालण्याची जी चाल आहे, ती सोडावी. फ्यूज हा दुबळा असावा म्हणूनच बसविलेला असतो. तो न जळेल तर तार जळेल, व ती तार पेट्रोलच्या टांकीखालून गेलेली आहे. जुन्या फ्यूजच्याच आंकड्याचा दुसरा फ्यूज घालावा. बहुतेक गाड्यांत बॅटरीजवळ एक राखीव असतोच. तोहि लगेच जळाला तर कोठें तरी तारेचें कवच खरचटून ती सांगाड्यास लागली आहे. ती जागा, बहुधा हँडलाच्या मानेजवळ, शोधून चिकटपट्टी गुंडाळावी. पेट्रोलच्या टांकीस बारीक छिद्र पडलें तर कपडे धुण्याचा साबण त्यावर घासून भरावा. साबण पेट्रोलमध्यें विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो, म्हणून पावसांत तें टिकणार नाहीं. फाटलेल्या पेट्रोलच्या नळीऐवजीं ठिबकाची नळी लावितात, ती इंजिनाच्या उष्णतेनें मऊ होऊन निसटते व पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडतें. नळी टोंकाशीं फाटली असल्यास तेवढें टोंक कापून तीच पुन्हां चढवावी. मधें फाटली असल्यास गाडी ढकलीत न्यावी.

रात्रीं गाडी बंद पडली तर दुरुस्तीस बसण्यापूर्वीं ती डांबराच्या बाहेर घ्यावी. रस्त्यावर खुणेसाठीं दगड मांडले तर निघतांना ते उचलावे; आपल्यामागून येणारा अंधारांत त्यावर पडतो. दोरीनें दुसऱ्या मोटारसायकलीमागें गाडी ओढून नेऊं नये, मागच्यास तोल सांवरण्यास वावच राहत नाहीं. कोणास इजा झालीच तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

शेवटची गोष्ट कचेरींतल्या संवयीची आहे. फेरफाराची नोंद होते, परंतु ती प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यास पक्की मानीत नाहींत. वाटेंतलें ठिगळ ही तसलीच अप्रमाणित नोंद होय. अडचण अशी कीं, घरीं पोंचलों, गाडी चालतेच आहे, मग मिस्त्रीकडे जाणें पुढल्या बाजारावर, त्याच्या पुढल्या बाजारावर ढकललें जातें. मधें घरचें दुसरें माणूस तीच गाडी घेऊन बाहेर पडतें, व काय बांधलेलें आहे हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे कीं, गाडीस वाटेंत जें कांहीं बांधलें असेल तें कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी किल्लीस दोऱ्यानें बांधावयाची, आणि पक्की दुरुस्ती झाल्यावरच तोडावयाची. गेल्या कार्तिकांत "क्लच, पितळी नळी" अशी चिठ्ठी नऊ दिवस किल्लीस लोंबत होती. दहाव्या दिवशीं पुतण्या स्वतः नवी केबल घालून आला.